उजवा डोळा

क्लाक्सविकला धुकं चार दिवस उठलं नाही.
बोट बंदरात, बाबा घरात,
आणि बार्दुरने वाढदिवसाला मिळालेला हेडसेट
आजोबांच्या डोक्यावर चढवला,
कानटोपी चढवावी तसा, कान दुमडून.
आईने उठून उभा दिवा भिंतीकडे सरकवला
आणि परत विणायला बसली.

"एकटेच काय बघताय, आम्हालाही दिसू दे," आत्या म्हणाली.
मग टीव्ही बंद कर, चालू कर,
दोन्ही एकाच वायफायवर आहेत का ते बघ.
यादीत पहिलं नाव शेजारच्या सुन्नेवाच्या टीव्हीचं
(ती आमचंच वायफाय वापरते, बदल्यात वाळवलेलं मटण देते.
बोट घसरलं असतं तर तिच्या बातम्यांत जंगल उगवलं असतं).
शेवटी ते गोल फिरणारं चक्र थांबलं
आणि खोलीत झाडं उभी राहिली.

झाडं!
या बेटांवर वारा एकाला धड वाढू देत नाही.
लोक कुंपणाआड एखादं जपतात
आजारी नातेवाइकासारखं.
इथे बुंधे तिघांच्या कवेत न मावणारे.
बाबांनी मान वर केली, टीव्हीनेही केली,
अर्धा सेकंद उशिरा,
आणि आत्याला मळमळायला लागलं,
जिला आयुष्यात कधी बोट लागली नाही.

सतरंजीवर मोजे घातलेले बाबा
हात पुढे धरून, अंधारात दोर चाचपावा तसे.

"आजोबा, सुतारपक्षी!"
जवळच्या जाड बुंध्याच्या उजव्या अंगाने
लाल डोकं, ठक ठक ठक.
"कुठे?"
"हा काय, इथे!" आम्ही सगळे
टीव्हीकडे बोटं दाखवत होतो,
जणू त्यांना आमची बोटं दिसणार होती.
"आवाज येतोय," बाबा म्हणाले, "पक्षी नाही."

मग माझ्या लक्षात आलं, आणि मी कॉफी खाली ठेवली.

यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं
तेवीस वर्षांपूर्वीच्या गळाबद्दल,
कोपनहेगनला करून घेतलेल्या त्या काचेबद्दल,
जिचा निळा रंग किंचित जास्तच निळा आहे.
ते बिचारं दोन डोळ्यांसाठी दोन जंगलं रंगवत होतं,
एक काचेसमोर, इमानाने, पान न पान,
आणि त्यातलं नेमकं तेच
आम्हाला पाठवत होतं.
दृष्टीआड सृष्टी म्हणतात.
ती पन्नास इंची टीव्हीवर लख्ख उजेडात होती,
आणि आम्ही बिस्किटं खात ती बघत होतो.

बार्दुर अकरा वर्षांचा. त्याला कुणी काही बोललं नाही.
त्याने सेटिंगमध्ये जाऊन 'उजवा'चं 'डावा' केलं.
चित्र अंगठ्याएवढं सरकलं, बस.
पक्षी गेला.
सगळं जंगल होतं तसंच, बुंधा तोच,
आणि त्याच्यामागे ठक ठक ठक.
आम्ही सोफ्यावर माना वाकड्या करून बघितलं,
टीव्हीच्या मागे डोकावता येईल असं वाटून.

आईने विणकाम बाजूला ठेवलं.
उठली, आणि बाबांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली,
जिथे ती धक्क्यावर असते, बर्फात असते,
चर्चच्या पायऱ्यांवर असते.
मला वाटायचं ही तिची सवय.
कोपराला दोन बोटं लावली.
"हानुस, इकडे. एक पाऊल माझ्याकडे."

बाबांनी टाकलं.

आधी त्यांचा श्वास थांबला.
मग, अर्ध्या सेकंदाने,
आमच्याकडे पक्षी आला.

"लहान आहे की," बाबा म्हणाले.
"आवाजावरून मला मोठा वाटला होता."